शेरवानीची सात काजं

६ जानेवारी, मंगळवार

दुसऱ्या ठोक्यालाही कापड कापलं गेलं नाही, नुसतं दबलं. तिसऱ्याला छिन्नी आरपार जाऊन खालच्या पाटात रुतली. काज सरळ आलं, पण एका टोकाला दोन धागे तुटायचे राहिले. ते ब्लेडने सोडवले. छिन्नी दिसायला देखणी आहे, लाकडी मुठीची. धार नाही. माझी जुनी एका ठोक्यात काम करते. सिद्धलिंगप्पांना सांगायचं, ठेवू नका.

त्यांचं मधल्या मारुतीजवळ शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. आज दोरा आणायला गेले तर त्यांनी एक खोकंच पुढ्यात ठेवलं. सगळ्या नव्या वस्तू, कंपनीने नमुना म्हणून पाठवलेल्या.

"शबानाभाभी, वापरून बघा की. चालतंय म्हणाल तेवढंच मागवतो. गिऱ्हाइकाला सांगता येतंय, काजवाल्या भाभीनं पास केलंय म्हणून."

"आणि नापास केलं तर?"

"तर कंपनीवाल्याच्या डोक्यात घालतो खोकं."

काय चाललं, काय नाही, हे विसरू नये म्हणून लिहायला बसले. कॉलेज सुटल्यापासून रोज लिहायची सवय गेली होती. अक्षर मोठं येतंय.

मी छिन्नी ठोकत होते तेव्हा माझ्याकडे कामाला येणारी निंगव्वा समोर तुरपाई करत होती. तिच्याकडे पॅन्टच्या मोहऱ्या, कुर्त्यांचे घेर. काजं माझ्याकडे. ती म्हणाली, "अक्का, चिंधीवरच पाडताय तर एक मला पाडू द्या की."

"हातातलं संपव आधी."

"तुमचं काज म्हंजे बँकेतलं लॉकर हाय बघा. सासऱ्यानं चावी दिली ती तुमालाच."

खोटं नाही. सासऱ्यांनी मला शिकवलं, स्वतःच्या मुलाला नाही. तो ट्रकवर गेला आणि सोलापुरात हातकाजाची शेरवानी म्हटलं की शिंपी रहिमतुल्ला मास्टर ती माझ्याकडे पाठवू लागले. ते काम गेलं तर मी दुसरी निंगव्वा. हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

८ जानेवारी

सुई ओवायचं यंत्र. बोटाएवढी डबी. सुई खोचायची, धागा आडवा टाकायचा, कळ दाबायची. धागा नेढ्यातून जातो. वीसदा करून पाहिलं, एकदाच चुकलं. हे ठेवा म्हणून सांगणार.

तशी मला गरज नाही. माझी लेक आरजू कॉलेजला जाताना सुया ओवून उशीत खोचून जाते. दिवाळीपासून करते आहे. सांगितलं नव्हतं. पोरीला एकेक नाद लागतो.

११ जानेवारी, रविवार

शेरवानी आली. मास्टर स्वतः घेऊन आले, गाडीवर एका हाताने धरून, मूल आणावं तशी. हस्तिदंती रंग, रेशमी विणीचं जाड कापड. नवरा मुलगा वैरागचा, अझरुद्दीन. त्याची आई मदिनाबी हिने हैदराबादहून कापड आणलं आहे. निकाह पंचवीसला. रमजानच्या आधी सगळ्यांनाच उरकायचं आहे.

"त्याच्या थोरल्या भावाच्या शेरवानीची काजं तूच केली होतीस," मास्टर म्हणाले. "मदिनाबीनं आधी तेच विचारलं. काजं त्याच बाईची ना? मग शिवा."

"कापड किती उरलंय?"

"टोपीपुरतं. बाकी चिंधीसुद्धा नाही." ते थांबले. "सात आहेत. खालून वर जा. घाई करू नको."

मला हे सांगायची गरज नव्हती. काजं खालूनच पाडायची असतात. खालचं बिघडलं तर नजर तिथे कमी जाते. छातीवरची शेवटी, हात बसल्यावर. आणि काज पाडायचं ते अंगरखा पूर्ण झाल्यावर, अस्तर लागल्यावर, इस्त्री झाल्यावर. शिंप्याच्या महिन्याभराच्या कामावर शेवटी मी छिन्नी ठेवते. सासरे म्हणायचे, शिवण उसवता येते, काज उसवता येत नाही.

मास्टरांचं वय झालं. पूर्वी फिक्या कापडावर काजाची खूण पांढऱ्या कच्च्या टाक्याने करायचे. काळा धागा फिक्या कापडात लव सोडतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. या शेरवानीवर सातही खुणा काळ्या, त्याही दुहेरी धाग्याच्या. मी काही बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं.

जाताना दारात वळून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "उजेड बरा आहे ना इथं?"

"पहिल्यापासून तोच आहे."

"हौ," म्हणाले आणि गेले.

१२ जानेवारी

चिकट कागदाचा रूळ. कापडावर फिरवला की धागे, केस, लव उचलतो. काळ्या कोटावर उत्तम.

शेरवानीवर मात्र निकामी. डाव्या पुढ्यावर, म्हणजे समोरच्या डाव्या भागावर, एक काळा तंतू पडला होता. रूळ तीनदा फिरवला, तो हलला नाही. चिमट्याने उचलायला गेले तर बाजूला सरकला. पुन्हा गेले, पुन्हा सरकला. शेवटी झटकला. नंतर दिसला नाही. थोड्या वेळाने परत होता.

काळ्या खुणेचीच लव असणार. तरी मी म्हणते.

१४ जानेवारी

निंगव्वा गड्ड्याच्या जत्रेला गेली, घरच्यांबरोबर. दिवसभर एकटी.

गळ्यात अडकवायचा दिवा आणि भिंग. भिंग छातीशी टेकतं, हात मोकळे राहतात. चिंधीवर टाके मोठे दिसले. शेरवानी मांडीवर घेतली तर तंतूच तंतू. एक लांब, दोन आखूड, आणि ठिपके, मिरी सांडल्यासारखे. दिवा बंद केला, कमी झाले. या दिव्याने कापडातला कचरा उठून दिसतो. काम करणाऱ्याला ते नको असतं. ठेवू नका.

आरजू चार वाजता आली. बॅग न काढताच म्हणाली, "अम्मी, शनिवारी कोपऱ्यावर डोळ्यांचं शिबिर आहे. नाव देऊ?"

"डोळ्यांना काय झालंय?"

"काही झालं नसेल तर तसं सांगतील की. फुकट आहे."

"तू जा मग. रात्रंदिवस मोबाईल तूच बघतेस."

"शुगरची गोळी घेतली?"

"घेतली."

घेतली नव्हती. ती गोळी घेतली की दुपारी हात थरथरतो, आणि या आठवड्यात मला हात पाहिजे.

१५ जानेवारी

इस्त्रीने पुसलं जाणारं पेन. रेघ ओढली, इस्त्री फिरवली, गेली. चिंधी फ्रीजमध्ये ठेवून पाहिली. रेघ परत आली. थंडीच्या दिवसात नवरदेवाच्या छातीवर अशी रेघ उगवली तर? नापास.

१७ जानेवारी, शनिवार

दुपारी जोहरच्या नमाजाआधी वुजू केली, हातपाय धुऊन तोंड पुसलं आणि वर पाहिलं. न्हाणीच्या भिंतीवर तो तंतू होता. चुन्याची पांढरी भिंत. तिथे शेरवानी नव्हती, मास्टरांचा धागा नव्हता.

मी डावा डोळा झाकला. तंतू होता. उजवा झाकला. गेला, पण भिंतीच्या मध्यावर धुरकट डाग राहिला, काच ओली असावी तसा.

तसबीहची माळ हातात घेतली, मणी मोजता आले नाहीत.

कोपऱ्यावर शिबिराचा स्पीकर वाजत होता. खिडकीतून ऐकू येत होता. मी गेले नाही. गेले तर ते सांगणार काम बंद करा. बावीसला शेरवानी द्यायची आहे. दिल्यावर जाईन. आरजूला आत्ता सांगितलं तर ती मास्टरांना फोन करील. तिचा स्वभाव तसा आहे.

सहज हिशेब केला. काज पाडायला डोळा किती लागतो? खूण कुठे आहे ते कळायला. तेवढंच. बाकी हात करतो.

१९ जानेवारी, सोमवार

तीन काजं झाली.

युक्ती सापडली. युक्ती म्हणजे जुनीच. खरा धागा बोटाला लागतो, डोळ्यातला लागत नाही. डाव्या हाताची तर्जनी खुणेवरून फिरवायची. कच्च्या टाक्याचे उंचवटे लागतात, दाण्यासारखे. टोक ते टोक मोजायचं. बोटाच्या कडेला छिन्नी टेकवायची, बोट काढायचं, ठोका. मास्टर पांढरा धागा लावायचे तेव्हा मी असंच करायची. काळ्याने बोटाला आळशी केलं होतं.

सर्वांत खालचं आधी घेतलं. एका ठोक्यात पडलं. सरळ. धागा काढून टाके घातले. गाठी एकीला एक लागून बसल्या, मोत्यासारख्या. दुसरं, तिसरं तसंच. निंगव्वा हातातलं टाकून बघत होती. म्हणाली, "अक्का, डोळं मिटून पाडताय व्हय?"

"सवय आहे."

"मला दाखवा की एकदा."

"नंतर."

चौथं आज नको म्हटलं, कारण टाके घालताना सुई बोटात गेली. एकदा नाही. डाव्या तर्जनीला, तिथेच. कळलंसुद्धा नाही, बोटाची कड बधिर असते हल्ली. खाली धरलेल्या फडक्यावर रक्ताचा ठिपका दिसला तेव्हा कळलं. फडकं मध्ये नसतं तर तो हस्तिदंती कापडावर होता. रक्त रेशमातून निघत नाही.

खोक्यात रबरासारख्या मऊ टोप्या आहेत, बोटात घालायच्या. सुई आत जात नाही. तर्जनीला एक घालून चिंधीवर अर्धा तास टाके घातले. एकदाही टोचलं नाही. कडक अंगुस्तानापेक्षा बऱ्या, बोट वाकतं. आत्तापर्यंतची सर्वांत उपयोगी वस्तू. सिद्धलिंगप्पांना सांगायचं, दोन्ही मापांत मागवा.

उद्या टोपी घालूनच बसेन.

२० जानेवारी

चौथं काज चुकलं.

अकरा वाजता बसले. बोटात टोपी घातली. खुणेवर बोट फिरवलं. काळी रेघ स्वच्छ दिसत होती, बोटाखाली काहीतरी लागल्यासारखं वाटलं. छिन्नी टेकवली. एका ठोक्यात पडलं. मग धागा काढायला चिमटा घेतला तर धागा नाही. खूण अर्ध्या बोटाच्या अंतरावर, बाजूला, जशीच्या तशी. तिला कुणी हात लावलेला नव्हता.

मी रबरातून रबरच चाचपलं.

शेरवानीची घडी केली, आतली बाजू वर घेऊन. निंगव्वाने विचारलं, "झालं चौथं?" मी म्हटलं, पोटात दुखतंय, आज राहू दे. ती ओव्याचं पाणी करून आली. मी प्याले.

दुपारी ती गेल्यावर खोकं उपडं केलं. इस्त्रीने चिकटणारी जाळी होती. चिंधीला तसाच छेद पाडला, खाली जाळी घातली, इस्त्री केली. छेद मिटला. बोटाला लागत नाही. खिडकीशी नेऊन तिरपं धरलं तर चकाकलं, गोगलगाय गेल्यासारखं. दुसऱ्या चिंधीवर रफू केलं, त्याच कापडाचा धागा नाही म्हणून मिळत्या रेशमाचं. मला दिसत नव्हतं. पण मला दिसत नाही म्हणजे ते दिसत नाही असं थोडंच आहे?

आरजूला हाक मारली. चिंधी पुढे केली. "यात काही दिसतं?"

तिने चिंधी घेतली, मग माझ्याकडे पाहिलं. "इथे रफू आहे. अम्मी, शेरवानी दाखव."

मी नाही म्हणाले नाही.

तिने घडी उलगडली. चुकलेल्या छेदावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुला दिसत नाही म्हणून मी सुया ओवायला लागले, तेव्हाच तू सांगायला हवं होतंस." माझ्या बोटातली टोपी काढून तिने खोक्यात टाकली.

नादाने ओवत नव्हती तर.

२१ जानेवारी

विजापूर वेशीला दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. मास्टरांनी शटर वर केलं, पिशवी पाहिली. "झाली?"

"नाही."

शेरवानी फळीवर पसरली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि छेदावर बोट ठेवलं. मग खुणेवर. मग पुन्हा छेदावर.

"खूण तर इथं आहे."

"मला तिथं दिसली."

ते स्टुलावर बसले. समोरच्या हॉटेलवाल्याने न सांगता दोन चहा ठेवले. मास्टरांनी बशी हातात घेतली, प्यायले नाहीत.

"काळा लावायला नको होता मी," म्हणाले. "म्हटलं तुला दिसावा. पांढरा होता तवर तू बोटानं करत होतीस. बरं चाललं होतं."

म्हणजे त्यांना कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही.

"डावा पुढा बदलता येईल?" मी विचारलं.

"कशातनं? माझ्या कातड्यातनं?" मग उठले, टोपीचा तुकडा काढला, पुढ्यावर ठेवला, फिरवला, पुन्हा ठेवला. "गळ्यापासून खालपर्यंत पट्टी बसेल. दोन बोटं रुंद. एक जोड येईल, तो काजाखाली लपवू. तुझा छेद पट्टीखाली जाईल. काजं सातही नव्यानं, पट्टीतून."

"खालची तीन झालीत."

"ती पण जातील खाली."

टोपी मग दुसऱ्या कापडाची करावी लागणार, म्हणून वैरागला फोन लावायला हवा होता. मी म्हटलं, खरं सांगा. मास्टरांनी स्पीकर चालू केला. मदिनाबी आधी लग्नाच्या गडबडीबद्दल बोलल्या, मंडपवाल्याला शिव्या दिल्या. मास्टर म्हणाले, "आपा, माझ्या हातनं चूक झालीय. पुढ्याला पट्टी लावतो. टोपी दुसरी होईल."

"पट्टी? थोरल्याला नव्हती ती."

"हौ. याला राहील."

"बिघडवली का काय शेरवानी?"

"घालून बघा. नाही आवडली तर मी पैसे घेणार नाही, कापडाचे देईन."

त्या म्हणाल्या, "पट्टी लावा. पण काजं त्याच बाईची ना? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. वैरागला कोण विचारणार होतं? मी हो म्हटलं असतं तर तेही हो म्हणाले असते आणि छिन्नी पुन्हा माझ्या हातात दिली असती. पांढरा धागा लावून. आणि मला जमलंही असतं, कदाचित.

मी नकाराची मान हलवली.

"नाही आपा," मास्टर म्हणाले. "तिची नाहीत. तिच्या हाताखालची बाई आहे, तिची आहेत."

"बघू घालून," म्हणत मदिनाबींनी फोन ठेवला, तेव्हा मास्टरांनी मला विचारलं, "कोण आहे तुझ्या हाताखाली?"

घरी आले तर निंगव्वा मोहरी दुमडत बसली होती. मी तिला काय ते सांगितलं, सगळं. तिने सुई खोचून ठेवली.

"सात काजं पाडायची आहेत, उद्या," मी म्हटलं. "तुला येतं?"

"कुणी शिकवलंय मला?"

मग तिने पिशवीतून एक चिंधी काढून मांडीवर ठेवली. काजंच काजं, एकाखाली एक. खालची वाकडी, वरची सुधारत गेलेली. चिंधी माझीच, टाकून दिलेली.

"लई दिवस झालं, घरी करते," म्हणाली. "दाखवलं असतं तर तुमी तुरपाई पण काढून घेतली असती."

मला राग आला. आत्ता लिहिताना कळतं की तो यायला नको होता, पण आला. मी चिंधीवरून बोट फिरवलं. शेवटच्या ओळीत गाठी सारख्या होत्या. टोकाला टाका ओढून धरायचा असतो, तिथे ती चुकते. तेवढं सांगितलं.

२२ जानेवारी, गुरुवार

मास्टरांनी सकाळी पट्टी लावून शेरवानी पाठवली. खुणा पांढऱ्या.

मी बोट ठेवायचं, उघडं. टोक ते टोक चाचपायचं. ती छिन्नी टेकवणार. मी बोट काढलं की ती ठोकणार. पहिल्या ठोक्याला तिचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

"अक्का, व्हय ना?"

"हो."

"नक्की?"

"ठोक, निंगव्वा."

तिने ठोकलं. धागा छेदात तुटलेला सापडला, मधोमध. दोघींनी बोटाने पाहिला. ती कानडीत स्वतःशी काहीतरी बोलली.

चौथ्याला मी बोट बराच वेळ काढलं नाही. तिने घाई केली नाही.

छेद पाडून झाल्यावर टाके तिचे एकटीचे. मी बाजूला बसून राहिले. आरजू कॉलेजला गेली नाही, सुया ओवत राहिली. दिवस मावळायला सातवं संपलं. टाके माझ्यापेक्षा सैल आहेत, टोकाला अजून ओढ नाही. वैरागला कुणाला कळणार नाही. बोटाखाली मला कळतं. पट्टीच्या आतून माझी तीन काजंही लागतात.

२३ जानेवारी

सकाळी मास्टर आले. शेरवानी उलटसुलट पाहिली, बटणं घालून काढून पाहिली, पिशवीत घातली. एका डब्यात दुसरी शेरवानी आणली होती, करकंबच्या नवरदेवाची, निळी. ती त्यांनी निंगव्वाच्या हातात दिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खालून वर जा. नंतर मी आणि आरजू रिक्षा करून डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.